टेक्निकल डायव्हिंग शिकायचंय? आधी शिक्षक ठरवा, मग समुद्र

मालवणात किल्ल्याजवळ पहिल्यांदा पाण्याखाली गेलेला माणूस पुढे अंदमानात ओपन वॉटर आणि अ‍ॅडव्हान्स्ड हे सुरुवातीचे कोर्स करतो, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला दोन-तीन हंगाम काढतो आणि पन्नास-साठ डाइव्ह झाल्या की विचारतो, "आता पुढे काय?" पुढे जे आहे त्याला टेक्निकल डायव्हिंग म्हणतात. ४० मीटरच्या खालची बुडालेली जहाजं, गुहा, हीलियमची मिश्रणं, पाठीवर दोन सिलिंडर आणि कुशीला आणखी एक-दोन. फोटो पाहून माणूस भारावतो आणि तिथेच चूक करतो. आधी ठिकाण निवडतो, तिकीट काढतो आणि शेवटी त्या ठिकाणी कोण शिकवतं ते शोधतो. हा क्रम उलटा हवा. तो का आणि कसा, ते इथे सांगतो.

नेहमीच्या डायव्हिंगमध्ये खोलीची मर्यादा ४० मीटर असते, पण खरी अट वेगळी आहे. काही बिघडलं तर कोणत्याही क्षणी सरळ वर येता आलं पाहिजे. टेक्निकल डायव्हिंगमध्ये ती वाट बंद असते. गुहेत किंवा जहाजाच्या पोटात डोक्यावर खरंच छत असतं. खोल डाइव्हमध्ये ते छत दिसत नाही, पण असतं. शरीरात इतका नायट्रोजन विरघळलेला असतो की ठरलेल्या खोल्यांवर ठरलेली मिनिटं थांबूनच वर यावं लागतं. त्याला डीकंप्रेशन म्हणतात, बोलताना नुसतं 'डीको'. म्हणजे जो काही घोळ होईल तो खालीच, हातातल्या गॅसमध्ये, डोकं शांत ठेवून सोडवायचा. या कोर्सचा सगळा गाभा एवढाच आहे.

म्हणून शिक्षक आणि ठिकाण दोन्ही मी आता एकाच कसोटीवर तपासतो. या माणसाला मी "आज नको" म्हणू शकेन का? आणि तो मला "तू अजून तयार नाहीस" असं म्हणेल का? ठिकाणाबद्दल प्रश्न असा, की तिथे "आज नको" म्हणणं मला किती महागात पडेल?

ही कसोटी मला फुकट मिळालेली नाही. माझा पहिला टेक कोर्स परदेशात एका बेटावर झाला. चौथ्या दिवशी सकाळी नाक चोंदलेलं होतं. बोट भरलेली, सिलिंडर भरून ठेवलेले, परतीचं विमान दोन दिवसांवर. मी सर्दीची गोळी घेतली आणि गप्प बसलो. शिकवणाऱ्यानेही विचारलं नाही. खाली जाताना काही त्रास झाला नाही. वर येताना १२ मीटरवर गोळीचा असर ओसरला, कानात अडकलेली हवा बाहेर पडेना आणि कळ मस्तकात गेली. वर सरकावं तर कान फाटतो की काय असं वाटे, थांबून राहावं तर गॅस संपत चाललेला. तळहाताएवढं वर, मग थांब, पुन्हा तळहाताएवढं, असं करत पृष्ठभागावर आलो. त्यानंतर दीड महिना पाण्यात उतरता आलं नाही. चूक माझीही होती. पण चांगल्या शिक्षकाने त्या सकाळी तोंडाकडे बघूनच मला काठावर बसवलं असतं.

पहिली पायरी: स्वतःची लॉगबुक उघडा

शिक्षकाला फोन करण्याआधी आपण कुठे आहोत हे ठाऊक हवं. कागदावरच्या अटी फार कडक नसतात. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेक ४० या सुरुवातीच्या कोर्सला वयाची १८ वर्षं आणि नोंदलेल्या ३० डाइव्ह लागतात, शिवाय नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन घातलेल्या हवेचा) आणि ३० मीटरपर्यंतच्या खोलीचा अनुभव. एवढ्यावर प्रवेश मिळतो. पण शंभरएक डाइव्ह होईपर्यंत थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याही एकाच पोहायच्या तलावासारख्या शांत जागी केलेल्या नकोत.

आकड्यापेक्षा एक साधी परीक्षा जास्त सांगते. पाच-सहा मीटरवर आडवे व्हा, फिन हलवू नका, तीन मिनिटं एका जागी तरंगत राहा आणि मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. मग तेच मास्क काढून, परत घालून करा. वर-खाली होत असाल, पाय खाली लोंबत असतील, हात वल्ह्यासारखे चालत असतील, तर अजून टेक कोर्सची वेळ आलेली नाही. ज्याला एका जागी स्थिर राहता येत नाही त्याला स्टॉपवर, म्हणजे डीकोच्या ठरलेल्या खोलीवर, थांबता येत नाही, आणि तिथे हात व्हॉल्व्ह, रील, सिलिंडर यांत गुंतलेले असतात. ही तयारी मालवणात, नेत्राणीला, पाँडिचेरीला, कुठेही होऊ शकते. त्यासाठी परदेशातली फी मोजायची गरज नाही.

दुसरा हिशेब गॅसचा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर ४० मीटरवर दाब पाचपट, म्हणजे मिनिटाला १०० लिटर. १२ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाला भरला तर त्यात २,४०० लिटर मावतात. पूर्ण भरलेला ते पूर्ण रिकामा, एवढी सगळी मिळून २४ मिनिटं. त्यात वर येणं, स्टॉप आणि जोडीदाराला द्यावा लागला तर त्याचा गॅस, हे सगळं बसवायचं. दोन सिलिंडर का लागतात हे या आकड्यावरून कळतं. तुमचा स्वतःचा आकडा किती हे पुढच्या चार-पाच डाइव्हमध्ये मोजून ठेवा. चांगला शिक्षक पहिल्याच फोनवर तो विचारतो.

आणि डॉक्टर. फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहून मोकळं होऊ नका. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधलं जन्माआधीचं छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण डीको डाइव्हनंतर त्यातून वायूचे बुडबुडे धमन्यांकडे जाऊ शकतात. प्रत्येकाने तपासणी करावी असं नाही. आधीच्या डाइव्हनंतर अंगावर चट्टे, चक्कर, मुंग्या असं काही झालं असेल तर मात्र डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: कोणत्या शिडीवर चढायचं

टीडीआय, आयएएनटीडी, पॅडीची टेकरेक शाखा, एसएसआयची एक्सआर, रेड, जीयूई अशा अनेक संस्था आहेत. त्यांतली कोणती 'सर्वोत्तम' यावर लोक तासन्‌तास भांडतात. संस्थेपेक्षा शिकवणारा महत्त्वाचा, हे खरंच आहे. तरी दोन फरक लक्षात ठेवा.

पहिला म्हणजे पायऱ्यांची उंची. पॅडीच्या टेक ४० मध्ये ४० मीटर आणि जास्तीत जास्त १० मिनिटांचा डीको, पुढे टेक ४५ आणि टेक ५०. टीडीआयमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड नायट्रॉक्स आणि डीकंप्रेशन प्रोसीजर्स हे दोन कोर्स बहुधा एकत्र घेतात आणि ते ४५ मीटरपर्यंत नेतात. जीयूईत सगळ्यांना आधी फंडामेंटल्स करावा लागतो, आणि तिथे नापास होणं नेहमीचं आहे. मला ही गोष्ट आवडते.

दुसरा फरक खाली कोणता गॅस वापरायचा याचा. खोलीबरोबर श्वासातला वायू घट्ट होतो. लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत ठीक आणि ६.२ च्या वर जाऊ नये, अशी शिफारस डायव्हिंगवैद्यकात आहे. साधी हवा ३० मीटरच्या आसपासच ५.२ ला पोहोचते आणि ४० मीटरच्या आधीच ६.२ ओलांडते. घट्ट वायू फुप्फुसातून नीट बाहेर पडत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि नायट्रोजनच्या धुंदीत त्याची भर पडते. जीयूई ३० मीटरच्या खाली हीलियम घालते. इतरत्र ४५ मीटरला हवा वापरून शिकवणारे अजून आहेत. टीडीआयमध्येही हेलिट्रॉक्स नावाचा पर्याय आहे, त्यात त्याच खोलीला हीलियम घेता येतो. खर्च वाढतो, पण मी तोच घेईन.

तिसरी पायरी: शिक्षक शोधणं

यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. दोन-तीन महिने गेले तरी चालतील.

नावं मिळतात ती त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांकडून. ज्यांना पास केलं त्यांच्याशी बोलाच, पण ज्याला थांबवलं असा एखादा विद्यार्थी शोधून काढा. "तुला का थांबवलं, कसं सांगितलं, पैशांचं काय झालं?" हे तीन प्रश्न विचारले की शिक्षक निम्मा कळतो. मग संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा, त्याचं शिकवण्याचं सदस्यत्व चालू आहे का आणि नेमका तुमचा कोर्स शिकवायची परवानगी त्याला आहे का. डीको शिकवायचं कार्ड असलं म्हणजे ट्रायमिक्स (हीलियमचं मिश्रण) किंवा गुहा शिकवता येते असं नाही. रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं यंत्र, त्यासाठी तर प्रत्येक यंत्राच्या नावानिशी वेगळी परवानगी लागते.

त्यानंतर एक निवांत फोन करा. मेसेजवर हे काम भागत नाही. मी हे विचारतो:

"शिकवण्याव्यतिरिक्त, स्वतःसाठी, या पातळीच्या डाइव्ह गेल्या वर्षभरात कुठे केल्यात?" जो फक्त विद्यार्थ्यांबरोबरच पाण्यात उतरतो त्याचं कसब हळूहळू विद्यार्थ्यांच्या पातळीला येतं. इथे एक-दोन ठिकाणांची, जहाजांची नावं उत्साहाने निघायला हवीत.

"एका वेळी किती जण?" संस्थेने जितके चालतील म्हटलंय तितके घेणाऱ्यापेक्षा दोन, फार तर तीन घेणारा बघा. एकटेच असाल तर "माझा जोडीदार कोण असेल?" हेही विचारा. जोडीदाराशिवाय संघाने काम करायला शिकता येत नाही.

"गेल्या काही विद्यार्थ्यांपैकी किती जणांना पहिल्या खेपेला कार्ड मिळालं नाही?" "सगळ्यांना मिळतं, काळजी करू नका" असं उत्तर आलं तर मी पुढे बोलत नाही. दुसरीकडे, लोकांना नापास करण्याचा अभिमान मिरवणाराही नको. तो पाण्यात ओरडतो, आणि ओरड्याने माणूस चूक लपवायला शिकतो.

"शेवटचा काही घोळ कधी झाला होता?" चांगले शिक्षक इथे बचाव करत नाहीत. काय घडलं, त्यांची चूक काय होती आणि त्यानंतर काय बदललं ते सांगतात.

"कोर्स पूर्ण झाला नाही तर?" पुन्हा येऊन उरलेलं करता येईल का, किती मुदत, किती पैसे, हे लेखी घ्या.

आपल्या लोकांसाठी खास सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. शिकवणाऱ्याला उलट बोलायचं नाही, ही सवय आपल्यात लहानपणापासून मुरलेली असते. 'सर' म्हणाले की आपण मान डोलावतो. टेक्निकल डायव्हिंगमध्ये जगभर पाळला जाणारा नियम नेमका याच्या विरुद्ध आहे. कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. म्हणून फोनवर मुद्दाम एकदा असहमती दाखवा. "४५ मीटरला हवेवर जायची माझी तयारी नाही," असं म्हणून बघा. चिडला, हसण्यावारी नेलं, "इतके लोक करतात" म्हणाला, तर ४० मीटरवर तो तुमचं ऐकणार नाही.

भाषेचंही तसंच. मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना परक्या उच्चारातलं इंग्रजी पहिल्या झटक्यात कळत नाही आणि "परत सांगा" म्हणायचा संकोच वाटतो. फोनवर अर्धा तास बोलून कळत नसेल तर बोटीवर, इंजिनाच्या आवाजात, मुळीच कळणार नाही. भारतीय किंवा हळू, स्पष्ट बोलणारा शिक्षक निवडण्यात काहीही कमीपणा नाही.

चौथी पायरी: पैसे भरण्याआधी एक दिवस बरोबर डाइव्ह करा

शक्य असेल तर कोर्सच्या आदल्या महिन्यात, नाहीतर कोर्सच्या आदल्या दिवशी, त्या शिक्षकाबरोबर दोन साध्या डाइव्ह करा. आणि पाण्यापेक्षा काठावर जास्त लक्ष ठेवा.

सिलिंडरमधला गॅस तो स्वतः तपासतो का, की दुकानाने लावलेल्या पट्टीवर विश्वास ठेवतो? शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली आणि ५० टक्क्यांचं मिश्रण साधारण २१ मीटरच्या खाली श्वासात घेतलं तर झटका येऊ शकतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणं. त्यामुळे प्रत्येक सिलिंडर ज्याचा त्याने तपासायचा, टक्केवारी आणि जास्तीत जास्त खोली ठळक लिहायची. ज्या जागी ही तपासणी "आज राहू दे" म्हणून सुटते ती जागा सोडा.

डाइव्हआधी योजना बोलून दाखवतो का, गॅस कितीवर परत फिरायचं ते ठरवतो का, जोडीदाराची साधनं हाताने तपासतो का? पाण्यात तो स्वतः कसा दिसतो? मघाशी जो व्हिडिओ तुम्ही स्वतःचा काढलात तीच मोजपट्टी त्याला लावा. आणि डाइव्हनंतर चर्चा करतो का? अर्धा-पाऊण तास बसून काय चुकलं हे न बोलणारा शिक्षक टेक कोर्ससाठी कामाचा नाही. व्हिडिओ काढून दाखवत असेल तर सोन्याहून पिवळं.

पाचवी पायरी: ठिकाण

शिक्षक ठरला की ठिकाण बरंचसं आपोआप ठरतं, कारण चांगले शिक्षक चांगल्या पाण्याजवळ राहतात. दोन-तीन पर्याय असतील तर माझी कसोटी तीच, "आज नको" किती स्वस्त आहे? कोर्सचा मोठा भाग सहा ते दहा मीटरवर जातो. व्हॉल्व्ह बंद-चालू करणं, गॅस वाटून घेणं, कुशीचे स्टेज सिलिंडर काढणं-लावणं, बोया सोडणं, तेच तेच दहा वेळा. त्यासाठी काठावरून चालत जाता येईल असं शांत, स्वच्छ पाणी हवं आणि तिथूनच पुढे खोली मिळायला हवी. दिवसाला एकच बोट, तीही भरलेली, असं असेल तर "नको" हा शब्द घशात अडकतो. माझा अडकला होता.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे का जमत नाही? आपल्या इथे समुद्राचा तळ फार हळू उतरतो. मुंबईसमोर उथळ तळ शेकडो किलोमीटर पसरलेला आहे, आणि मालवणच्या नेहमीच्या डाइव्ह फार तर पंधरा-वीस मीटरच्या. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँकेच्या कडेला खोली आहे, पण इतक्या लांबच्या पाण्यात कोर्स करायचा नसतो. जून ते सप्टेंबर तर सगळंच बंद. त्यामुळे तयारी इथे आणि कोर्स बाहेर, हेच व्यवहारी आहे.

इजिप्तमधलं दहाब माझ्या मते पहिल्या टेक कोर्ससाठी सर्वांत सोयीचं. अकाबाच्या आखातात तळ किनाऱ्यापासूनच कोसळतो. जीपने जायचं, काठावर साधनं चढवायची, चालत पाण्यात शिरायचं आणि काही मिनिटांत हवी ती खोली. आज जमत नसेल तर चहा पिऊन परत यायचं, बोटीचं भाडं बुडत नाही. शर्म अल शेखचा विमानतळ रस्त्याने तासाभरावर. पण तिथल्या ब्लू होल या किनाऱ्यालगतच्या खोल विवराची दुसरी बाजूही विसरू नका. साधारण ५५ मीटरवर असलेल्या कमानीतून एका सिलिंडरवर, साध्या हवेवर जायच्या हट्टापायी अनेकांनी प्राण गमावले. काठावरच्या खडकावर त्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. तुमच्या कोर्समध्येच ती कमान 'करून आणू' असं कोणी म्हणालं तर नकार द्या.

थायलंडमधलं को ताओ स्वस्त आणि शिक्षकांनी गजबजलेलं आहे, म्हणूनच तिथे निवड जास्त काळजीपूर्वक करावी लागते. बेटाजवळचा तळ फार खोल नाही, सुरुवातीच्या पायरीला ठीक. नोव्हेंबरच्या आसपास पाऊस आणि लाटा असतात. माल्टामध्ये जहाजांची रेलचेल, काठावरून जाता येणारीही. १९९८ मध्ये मुद्दाम बुडवलेलं उम अल फरूद ३६ मीटरवर उभं आहे. हिवाळ्यात पाणी १५ अंशांपर्यंत उतरतं, ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा सूट) लागतो, आणि आपल्याला शेंगेन व्हिसा. ड्रायसूट नवीन असेल तर तो टेक कोर्सबरोबर पहिल्यांदा घालू नका, आधी वेगळा शिका.

श्रीलंकेचा उल्लेख मुद्दाम करतो. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बुडवलेली ब्रिटिश विमानवाहू नौका हर्मिस बट्टिकलोआजवळ ५० मीटरच्या थोडं खाली पडली आहे. आपल्याकडे पावसाळ्याने समुद्र बंद होतो तेव्हा तिथला पूर्व किनारा खुला असतो. आपल्या घरापासून इतक्या जवळ असं दुसरं जहाज नाही. पण ती कोर्सची जागा नव्हे. उघडा समुद्र, बोटीवर अवलंबून, कधी प्रवाह. कोर्स दुसरीकडे करा, वर्षभर त्या पातळीला मुरा आणि मग हर्मिसला जा.

गुहा शिकायची असेल तर मेक्सिकोचे सेनोते (पाण्याने भरलेली नैसर्गिक विवरं) किंवा फ्लोरिडाचे झरे. तो वेगळा प्रवास आहे, त्याला वेगळा शिक्षक लागतो.

सहावी पायरी: काही झालंच तर

ठिकाण पक्कं करण्याआधी शिक्षकाला सरळ विचारा, "सर्वांत जवळचं चालू असलेलं रीकंप्रेशन चेंबर कुठे आहे, आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो?" डीकोत गडबड झालेल्या डायव्हरवर उपचार होतात ते हे दाबाचं चेंबर. 'चालू असलेलं' हा शब्द गाळू नका. आठवड्यापूर्वी स्वतः फोन करून खात्री करा. बोटीवर किंवा जीपमध्ये ऑक्सिजन किती वेळ पुरेल एवढा आहे, तो कोणाला देता येतो, पृष्ठभागावर कोण थांबणार, हेही विचारा. डॅनसारख्या (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) संस्थेचा डायव्हिंग विमा घ्या आणि त्यात डीको, हीलियम आणि तुमच्या कोर्सची खोली यांचा समावेश आहे का ते नियम वाचून बघा. साध्या प्रवासी विम्यात हे बहुधा नसतं.

सातवी पायरी: पैसे आणि तारखा

फीचा एक आकडा ऐकून तुलना करू नका. त्यात गॅस, बोट, ट्विनसेट (पाठीवरचे जोड सिलिंडर) आणि स्टेजचं भाडं, पुस्तकं, कार्डाची फी धरली आहे का ते वेगवेगळं लिहून घ्या. हीलियमचा दर लिटरवर विचारा. १२ लिटरचे दोन सिलिंडर २०० बारला म्हणजे ४,८०० लिटर, त्यात ३५ टक्के हीलियम घातला तर एका भरणीला १,६८० लिटर. हा गुणाकार घरी करून निघा. साधनांपैकी मास्क, सूट आणि अनेक गॅस चालणारा डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा असावा. बाकीचं पहिल्या कोर्सला भाड्याने घ्या आणि कोर्सनंतर शिक्षकाच्या सल्ल्याने विकत घ्या. उलट क्रमाने घेतलेलं अर्धं सामान माझ्या माळ्यावर पडून आहे.

तारखा ठरवताना संस्थेने सांगितलेल्या दिवसांत किमान तीन दिवस जास्त धरा. एक पोहोचल्यावर झोपेसाठी आणि साध्या डाइव्हसाठी, एक मधे सर्दी, वारा किंवा थकव्यासाठी, आणि एक शेवटी. डीको डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान २४ तास जायला हवेत, जास्त गेले तर उत्तम. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. थोडे पैसे जास्त पडतात. पण चौथ्या दिवशी सकाळी नाक चोंदलेलं असेल तेव्हा, तारीख पुढे ढकलता येते हे माहीत असलेला माणूस शिक्षकाला जाऊन सांगतो, "आज नको."